दोन सीटची वरात

पाठवणीची रडारड आटोपून सगळे हॉलबाहेर आले आणि गाडीपाशी येऊन थबकले. गाडीला सीट दोनच होत्या.

आता हे आधीच कुणाच्या तरी लक्षात यायला नको होतं का? महिनाभर गोखिवऱ्याच्या त्या सोसायटीत एकच विषय होता, की उमंगची वरात तिसऱ्या मजल्यावरच्या चंद्रहासच्या लाल स्पोर्ट्स कारमधून येणार. बँजोवाला ठरला, फुलवाला ठरला, काचेवर नावं कुठल्या रंगात लिहायची तेही ठरलं. नवरा एक, नवरी एक आणि चालवणारा एक, हे तीन होतात, एवढं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. सकाळी हॉलवर येताना नवरदेव एकटाच होता, त्यामुळे सगळं छान जमून गेलं.

खरं तर चंद्रहासला तरी कळायला हवं होतं. गाडी त्याची. पण एकटा माणूस, तीन वर्षांत सोसायटीतलं कुणी त्याच्या दारात आलं होतं ते मजला चुकून. उमंगचे वडील जगन्नाथराव अक्षता आणि पत्रिका घेऊन आले तेव्हा तो इतका हरखला, की दोन आणि एक किती हे त्याला सुचलंच नाही. शेजारच्या सीटवर तोवर फक्त भाजीची पिशवी बसली होती. ज्या गाडीला तो कुणाला बोट लावू देत नसे, तिला त्याने आज चिकटपट्टीने झेंडू लावू दिला. सकाळी नालासोपाऱ्याच्या हॉलपर्यंत उमंग शेजारी बसून वाटभर मोबाइलवर स्वतःचाच व्हिडिओ काढत होता. तरी चंद्रहासला वाटलं, अर्धा तास काय मजेत गेला.

जगन्नाथरावांनी तोडगा काढला. नवरीने चंद्रहासशेजारी बसावं आणि नवरदेवाने मागच्या सात सीटच्या एर्टिगात. नवरीच्या मावशीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी तो लगेच मागे घेतला. मग उमंग म्हणाला, मीच चालवतो. चंद्रहासने नाइलाजाने किल्ली दिली. क्लच जड आहे, हळू सोड, गतिरोधक आला की तिरकी घे, नाहीतर पोट घासतं, असं तो खिडकीशी वाकून सांगत राहिला. उमंगचा हात बसलेला ऑटोमॅटिक गाडीवर. गाडी एकदा बंद पडली. पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदा तिने अशी उडी मारली, की शेजारी बसलेल्या नवरीच्या, आर्याच्या, मुंडावळ्या नाकावर आल्या आणि हॉलची भिंत वीतभर अंतरावर राहिली.

आर्या शालू सावरत उतरली.

"काका, गाडी फार छान आहे," ती म्हणाली. "पण आम्ही एर्टिगातनं येतो."

यात राग धरण्यासारखं काही नव्हतं. तरी चंद्रहासला लागलं.

मग त्याने करवल्यांना विचारलं, कुणी बसतंय का, एकीची जागा आहे. त्या पाच जणी, एकमेकींना सोडून कोण येणार. जगन्नाथरावांना विचारलं, तर त्यांना आहेराच्या पिशव्यांपाशी बसायचं होतं. बघा, त्याने भटजींनासुद्धा विचारलं. भटजींना विरारला दुसरा मुहूर्त गाठायचा होता.

एवढी फुलं लावलेली गाडी मागे कशी ठेवायची, म्हणून ती सगळ्यांत पुढे निघाली आणि तिच्यात चंद्रहास एकटा. वाऱ्याच्या वेगाने पळायला केलेली ती गाडी रिक्षांच्या मागे पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत चालली. त्याचा डावा पाय क्लचवर भरून आला. प्रत्येक गतिरोधकाला गाडी तिरकी करायची, आणि तिरकी केली की रस्त्याकडेच्या बायका वाकून आत बघायच्या, नवरी कशी आहे ते. आत नवरी नाही, नवरा नाही, फेटा बांधलेला बावन्न वर्षांचा बाप्या. सुरुवातीला दोन-तीनदा चंद्रहासही त्यांच्याबरोबर हसला. मग त्याने काच वर केली.

गोखिवऱ्याला सोसायटीच्या गेटवर नवरदेवाची थोरली आत्या, मंदाआत्या, भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. फुलांची गाडी वळताना दिसली आणि बँजो सुरू झाला, फटाक्यांची माळ लागली. चंद्रहास दार उघडून उतरला. आत्याचा ओवाळायला उचललेला हात तसाच राहिला.

"नवरी कुठाय?"

मागच्या गाडीत, येतायत, असं त्याने सांगितलं. आत्याने रिकाम्या सीटकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"मग भाऊ, ही गाडी जरा बाजूला घ्या. नवरा-नवरीला उतरायला जागा हवी."

चंद्रहासने गाडी भिंतीकडेला, पाण्याच्या टँकरमागे नेली. एर्टिगा आली. बँजो पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. आरशात त्याला आत्याचा हात दिसत होता, उमंगवरून फिरला, आर्यावरून फिरला. उतरून तिकडे जायचं त्याच्या जिवावर आलं. इतकं एकटं त्याला वर बंद घरातसुद्धा कधी वाटलं नव्हतं. आपण इथे आहोत, एवढंच कुणाला तरी कळावं म्हणून त्याने ॲक्सिलरेटरवर पाय दाबला.

गाडी अशी गरजली की बँजो थांबला. सगळ्या माना टँकरकडे वळल्या.

जगन्नाथराव गर्दीतून दोन पावलं पुढे आले आणि लांबूनच हात जोडून, हसत म्हणाले, "चंद्रहासभाऊ, तेवढी बंद करता का?"

त्याने बंद केली.