कृपया आपले नाव भरा

"बाबा, समोर लाल अक्षरांत लिहिलंय ना? 'कृपया आपले नाव भरा.' मग भरा की. वाचता येतं ना तुम्हाला?"

हे ती कुणाला म्हणाली, तर चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या माणसाला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. बाबांनी मान हलवली, फोन उचलला आणि आपल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. सकाळपासूनची ही तिसरी खेप होती.

बाबांना अर्धांगाचा झटका येऊन चार महिने झाले होते. हातपाय सुटले, पण जीभ अडकली ती अडकलीच. वाचा-उपचार केंद्रात नवा वर्ग सुरू होणार होता आणि जागा फक्त बारा होत्या. पाच मिनिटं बोलतानाचा व्हिडिओ केंद्राच्या साइटवर पाठवायचा, तो बघून डॉक्टरीणबाई माणसं निवडणार. फॉर्म रुग्णानं स्वतः भरायचा. मुदत आज पाचपर्यंत. पुढचा वर्ग सहा महिन्यांनी, आणि बाईंनी आधीच बजावलं होतं, "बोलणं परत यायचे दिवस हेच. हे गेले की मग फार काही हाती लागत नाही."

ती साइट तिनंच बनवली होती. ती ठेवायला केंद्रानं एका कंपनीकडून भाड्यानं घेतलेली जागा स्वस्तातली. एका मशीनवर शेकडो साइटी कोंबलेल्या, आणि नियम भाड्याच्या खोलीसारखे, भिंतीत खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारा. आठ एमबीच्या वर काही पाठवलं की मशीन ते घेतच नसे. हे तिला माहीत होतं. मोठ्या फाइलीचे तुकडे करून पाठवायचे आणि पलीकडे जोडायचे, हा उपायही माहीत होता. "नंतर बघू," म्हणून तिनं तो ठेवून दिला होता. साइट तपासली ती स्वतःच्या दोन सेकंदांच्या व्हिडिओवर. चालली. मग झालं तर.

तीन वाजता केंद्रातून फोन आला. फोनवर बसणाऱ्या बाई म्हणाल्या, "अहो ताई, सकाळपासून नऊ जणांचे फोन आले. सगळ्यांना नाव भरा म्हणतंय. आमचे पेशंट बोलताना अडतात हो, पण सगळेच्या सगळे नाव कसं विसरतील?"

तिनं मशीनवरच्या नोंदी उघडल्या. फाइल मोठी असली की मशीन फाइलीबरोबर अख्खा फॉर्मच टाकून देत होतं, त्यात नावही जात होतं. पुढे तिचा प्रोग्राम बघायचा, तर नावाचा रकाना रिकामा. मग तो इमानेइतबारे विचारायचा, कृपया आपले नाव भरा. 'फाइल मोठी आहे' एवढे तीन शब्द लिहायचा कंटाळा हिनं केला होता. चोर सोडून संन्याशाला सुळी दिलं होतं. नोंदींत तिच्या घरातून गेलेले फॉर्म तिनं मोजले. सव्वीस होते. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी तोंड लपवावं अशी.

तिनं मान मोडून काम केलं. एकेक एमबीचे तुकडे, एकामागून एक, पलीकडे पुन्हा सांधून. साडेचारला चालू झालं. केंद्राच्या बाईंना सांगितलं, सगळ्यांना फोन करा, पुन्हा पाठवायला सांगा. मग ती बाबांच्या खोलीकडे निघाली. चूक माझी होती, तुमची नव्हती, असं सरळ सांगायचं ठरवून निघाली.

बाबा टेबलाशी बसले होते. पुढ्यात कागद होता. त्यावर त्यांनी स्वतःचं नाव ओळीनं लिहिलं होतं. एकदा ऱ्हस्व, एकदा दीर्घ. एकदा आडनाव आधी, एकदा वडिलांचं नाव मध्ये घालून. तिला बघून त्यांनी कागदावर हात ठेवला.

"अरे वा, लिहायचा सराव का? छान," ती म्हणाली. आणि ठरवलेलं वाक्य काही तोंडातून फुटेना. "कंपनीचा काहीतरी घोळ होता बाबा. आता होईल. आणा फोन."

नाव तिनंच टाइप केलं. फोनमधला सगळ्यात शेवटचा व्हिडिओ निवडला.

"हा... नको," बाबा म्हणाले.

"वेळ नाही बाबा, पाच वाजतील."

एकोणसत्तर तुकडे गेले. फॉर्म पोहोचला, पाचला सात मिनिटं कमी असताना. बाबांच्या खांद्यावर थोपटून ती आपल्या खोलीत आली. तुकडे नीट जोडले गेलेत का, हे बघायला तिनं मशीनवरचा व्हिडिओ लावला.

पडद्यावर बाबा होते. दाढी केलेली, शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं. केंद्रानं दिलेला उतारा ते वाचत नव्हते. कॅमेऱ्याकडे बघून, एकेक शब्द ओढून आणत, ते डॉक्टरीणबाईंना सांगत होते.

"बाई... साइट... माझ्या मुलीनं केलीय. ती... चुकणार नाही. सगळ्या... तऱ्हेनं लिहून पाहिलं. बहुतेक... माझंच नाव... मी विसरलोय. तुमच्याकडे... कागद असेल... त्यावरून... घाला. आणि हे... तिला... कळू देऊ नका."