थांबायची खूण

सही कुठं करायची, तिथं डीनसाहेबांनी पेन्सिलीनं फुली मारूनच ठेवली होती. बाबारावांना फक्त हात हलवायचा होता.

निवृत्तीच्या समारंभासाठी शिवलेला सफारी बायकोनं, रमानं, आज कपाटातून काढून दिला होता आणि दारात बजावलं होतं, "तुमी काही बोलू नका. सही करा अन् पोरीले घेऊन या." इतकं सोपं काम बाबारावांच्या वाट्याला बऱ्याच वर्षांत आलं नव्हतं.

'माझ्या मुलीने विद्यापीठाच्या प्रतिष्ठेला बाधा आणली, त्याबद्दल आम्ही दोघे क्षमा मागतो,' असं कागदावर होतं. मुलगी, प्रांजली, शेजारीच उभी होती. क्षमा मागणाऱ्याचा चेहरा काही तिला जमला नव्हता. तोफगोळे बनवणाऱ्या एका कंपनीशी विद्यापीठानं करार केला, त्या कंपनीसाठी नवी लॅब बांधली, आणि चौदा पोरापोरींना घेऊन प्रांजली चार दिवसांपासून त्या लॅबच्या दाराशी बसली होती.

"आपण नागपूरकडचे ना? मग घरातलं म्हणून सांगतो," डीन म्हणाले. "सही नाही, तर हॉल तिकीट नाही. शेवटचं वर्ष आहे तिचं."

"बाबा, मैंने बोल दिया है इनको," प्रांजली म्हणाली. "मी नाही करून राहिली सही. तुमी पण नका करू."

"बघा! करार केला कुलगुरूंनी, कंपनीच्या मालकांनी. एवढी मोठी माणसं. ही 'थांबवा' म्हणणारी कोण?"

बाबारावांनी पेनाचं टोपण काढलं. खिडकीखाली कंपनीचं यंत्र उतरवायला आलेली हायड्रा क्रेन पीं पीं करत मागं सरकत होती. त्यांचा कान आपोआप तिकडं गेला. एकतीस वर्षं भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये क्रेन चालवली होती त्यांनी.

"साहेब..." रमाचं बजावणं आठवून ते जरा अडखळले, मग बोललेच. "आमच्या शॉपमंदी क्रेनले 'उचल' म्हणाचा हक्क एकाच माणसाले. सिग्नलवाल्याले. पण 'थांब' म्हणाचा हक्क सगळ्याइले. एक दिवस वितळल्या लोखंडाचा भरला हंडा घेऊन चाललो होतो, अन् खालून झाडूवाल्या हिराबाईनं हात पसरले. थांबलो. फोरमन लालेलाल झाला. पण 'तू कोण' म्हणाची त्याची हिंमत नाही झाली. नियमच होता तसा."

"खाली कोणी सापडत होतं का?"

"नाही. कोणीच नव्हतं."

डीन हसले. "मग?"

"ते पाहाले बी थांबाच लागते ना, साहेब."

डीनांनी कागद आणखी पुढं सरकवला. बाबारावांनी फुलीकडं पाहिलं. चार वर्षांची फी, रात्रंदिवस पुस्तकात खुपसलेलं पोरीचं डोकं, दारात उभी रमा, सगळं एकदम समोर आलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. फुली तशीच राहिली.

दोघं खाली आले, तर पोरं दाराशी बसलेलीच आणि हायड्रा यंत्राची पेटी अधांतरी घेऊन त्यांच्याच दिशेनं निघालेली. गार्ड शिट्ट्या फुंकत तिला 'आने दो, आने दो' करत होता. प्रांजली धावत जाऊन पहिल्या ओळीत बसली.

बाबाराव रस्त्याच्या मधोमध गेले आणि दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत पसरून उभे राहिले.

हायड्रावाला भिलाईच्याच प्लांटमध्ये तयार झालेला. त्याचा पाय आधी ब्रेकवर गेला, डोकं मागाहून चाललं. पेटी साखळीला लोंबकळत झुलली.

"क्या हुआ, चाचा?"

"रुक जा, बेटा. पहले देखते हैं, नीचे कौन है."

गार्ड शिट्टी फुंकतच राहिला. काखेत सफारी टर्रकन उसवला. हात काही खाली आले नाहीत.