साडेपाच कोटींचा दुआर्त

फुटबॉल अकादमीत शिरणाऱ्या दुआर्तला अडेलिनोनं फाटकातच थांबवलं.

“आज नको, पोरा.”

“तासभरच, मिश्टर. मुलांबरोबर थोडा खेळतो आणि जातो.” नवव्या वर्षापासून तो या प्रशिक्षकाला मिश्टरच म्हणत आला होता. “तिकडं चेंडू पायाशी आला की आधी आकडा आठवतो. इथं नाही आठवणार.”

आकडा साडेपाच कोटी युरोंचा होता. दीड वर्षापूर्वी एका इंग्लिश क्लबनं तेवढे मोजून एकोणीस वर्षांच्या दुआर्तला पोर्तुगालमधून नेलं होतं. त्यानंतर सव्वीस सामने, एक गोल. हल्ली त्याचा पास चुकला की त्याच्याच क्लबचे प्रेक्षक टाळ्यांच्या ठेक्यावर ती किंमत ओरडायचे. शेवटच्या चार सामन्यांत त्याला बाकावरून उठवलंच नव्हतं.

“जर्मनीच्या एका क्लबचे दोघं आलेत, इव्होला बघायला,” अडेलिनो म्हणाला. “सतरा वर्षांचा आहे. तुझ्यासारखाच डावरा, गिरकीही तुझ्यासारखीच घेतो. तू शेजारी उभा राहिलास तर त्यांना इव्हो दिसणार नाही. तू दिसशील.”

“गिरकी तुम्हीच शिकवलीत ना दोघांना.”

“म्हणूनच सांगतोय. धुण्याच्या खोलीत जाऊन बस. ते गेले की बोलू.”

दुआर्तनं बूट काखेत मारले आणि इमारतीच्या मागून गेला.

धुण्याच्या खोलीत दोना लुर्देस मोज्यांच्या जोड्या लावत होती. दहा वर्षं तिनं त्याचेही मोजे धुतले होते. तिनं स्टूल पुढं सरकवलं आणि कोबीचं सूप वाढलं.

“तिकडं खायला काय देतात रे?”

“वजन करून देतात.”

“वाटलंच मला. गळ्याची हाडं दिसतायत.”

खिडकी मैदानाच्या बाजूला उघडी होती. इव्होनं समोरच्या दोन पोरांना चकवून गिरकी घेतली आणि चेंडू जाळ्यात मारला. मग त्यानं आधी बाहेर उभ्या पाहुण्यांकडं पाहिलं, नंतर चेंडूकडं. दुआर्तचा चमचा वाटीतच राहिला.

थोड्या वेळानं पाहुणे अडेलिनोबरोबर खिडकीखालून चालत आले. त्यांतला एक मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये म्हणाला, “मुलगा चांगला आहे. पण तुमचा तो आधीचा? त्याचं काय बिनसलं?”

अडेलिनो थांबला. खिडकी त्याच्या खांद्याच्या उंचीवर होती. आत कोण बसलंय हे त्याला ठाऊक होतं.

“काही बिनसलं नाही,” तो म्हणाला. “तो तेवढाच होता. आम्ही वेळेवर विकला. इव्होचं तसं नाही.”

पाहुणे हसले. अडेलिनोही हसला.

दोना लुर्देसनं हातातले मोजे खाली ठेवले आणि उठून खिडकी लावून घेतली.

“खा,” ती म्हणाली. “निवतंय.”

दुआर्त खाऊ लागला. खिडकीची काच पातळ होती. बाहेर बोली सहा कोटींपासून सुरू झाली.