नाथा चालत आला

एकाहत्तरची लढाई पेटली होती. पोस्टमन नाथा भाईंदरच्या पोस्टातून खाडीकाठच्या रस्त्याने घोडबंदरला सायकल दामटत यायचा. फक्त जवान गेल्याची तार असली, की त्याला पेडल मारवत नसे. वेशीपासून सायकल हातात धरून तो चालत यायचा. दोनदा आला तसा. आता लढाईवर गावातला एकटा लवूच उरला होता.

त्या सकाळी किल्ल्याखाली नाथाचा टायर फुटला. त्याला सायकल ढकलत येताना लांबूनच पाहिलं आणि लवूची आई विमलाबाई अंगणात कोसळली.

"विमलाबाई, उठा! लवू ठणठणीत हाय! त्याचं पत्र आणलंय!" नाथा ओरडत राहिला.



आई गेल्याची तार लवूला करायला नाथा चालतच भाईंदरला परतला.