न धुतलेला शर्ट

पुण्याला नोकरीवर जाताना रत्नदीपनं अंगातला शर्ट काढून बाजेवर टाकला. "आये, ह्यो धुऊ नको. वासानं भुऱ्याला वाटंल, मी हितंच हाय."

कुत्र्याची सोय लावली, आईची कोण लावतंय, असं पुटपुटत नागूबाईनं शर्ट तसाच ठेवला. भुऱ्या त्यात तोंड खुपसून झोपायचा. रत्नदीपचा फोन मात्र हळूहळू बंदच झाला.

ऐन थंडीत तिनं सहज शर्ट उचलला, तर कॉलर घामानं ओली होती. तिनं तो दोरीवर वाळवून परत बाजेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी कॉलर पुन्हा ताज्या घामानं भिजलेली, आणि शर्टाखालची बाजही कोमट लागली.

ती कुणाला बोलली नाही. भाकरी मात्र एक जास्त थापू लागली. ती कधी उरली नाही.

भीमजयंतीला रत्नदीप दारात उभा राहिला. हातात पेढ्यांचा पुडा, अंगाला सेंटचा वास. भुऱ्या त्याच्यावर दात विचकून गुरगुरला. मग मागं वळून बाजेकडं बघत शेपूट हलवू लागला.

"आये, अगं मी हाय की!"

नागूबाईनं एकवार बाजेकडं पाहिलं. मग दार अर्धं लोटून घेत तिनं विचारलं, "कोण पायजे तुमाला?"