राजाची हनुवटी

मेजवानीच्या स्वयंपाकाला लावलेल्या मुकुयने मक्याच्या पिठाचा गोळा कारभाऱ्याच्या पुढ्यात आपटला. गोळा कसला, भुगाच तो. पडताच चहूकडे पसरला.

“हे काय?” कुत्स कारभारी ओरडला. “उद्या दुपारी नव्या देवळात शेजारच्या नगरांचे राजे जेवायला बसणार. पानात उकडलेले उंडे सांगितले होते. त्यांना काय भुगा वाढू?”

“आम्ही पाऊस संपल्यापासून तोच खातोय.”

पाऊस संपताच कारभाऱ्याची माणसं घरोघर फिरली होती. चुन्याचं मडकं न् मडकं त्यांनी उचलून नेलं. देवळाच्या भिंतीवर राजाचा चेहरा घडवायचा होता, दोन पुरुष उंच, पांढराशुभ्र. चुन्याच्या पाण्यात उकळल्याशिवाय मक्याची साल सुटत नाही, पीठ मळलं जात नाही, आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. हे काय कारभाऱ्याला ठाऊक नव्हतं? त्याचीही आई जन्मभर पाट्याशीच बसली होती. पण जॅग्वारचं कातडं खांद्यावर आलं की माणूस आईचा पाटा विसरतो. इकडे मुकुयच्या लेकीचे, साशिलचे हात भेगाळले होते. पाच वर्षांची पोर, हगवणीने इतकी गळाली होती की तोंडावरची माशीसुद्धा हाकलत नव्हती. मुकुय चिमूटभर चुना मागायला गेली, तर कारभाऱ्याच्या नोकरांनी तिला दारातून ढकलून दिलं. तेव्हापासून ती नुसती धुमसत होती.

“चुना का नाही घातलास?”

“कुठला घालू? तो भिंतीवर आहे. पाहुण्यांना म्हणावं, भिंत चाटा.”

मागे पाट्यांवर दळत बसलेल्या बायका फिसकन हसल्या. कारभाऱ्याने छडी उगारली. मुकुय जागची हलली नाही.

“मारा की. मग उद्याचे उंडे तुम्हीच थापा.”

छडी हळूहळू खाली आली. कोठारात चुना उरला नव्हता. चुन्याची नवी भट्टी पेटवायची तर सरपणासाठी आधी रान तोडायला हवं. आणि पाहुणे उपाशी उठले तर राजा कोणाचं डोकं मागेल, हे कारभाऱ्याला पक्कं माहीत होतं.

“भिंतीवर वरचा थर आज सकाळीच दिलाय,” मुकुय म्हणाली. “ओला आहे अजून.”

कारभाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. “अगं बाई, राजाचा चेहरा आहे तो!”

“माझ्या पोरीचा बघितलात का?”

ऊन कलायच्या आत कारभारी शिडीवर चढला. गवंड्यांना सांगायची त्याची छाती झाली नाही. तो स्वतःच राजाची हनुवटी खरवडू लागला. खाली मुकुय मडकं धरून उभी राहिली. तिच्यामागे साऱ्या वस्तीतल्या बायका येऊन थांबल्या होत्या, प्रत्येकीच्या काखेत रिकामं मडकं.

मुकुयचं मडकं काठोकाठ भरलं. कारभाऱ्याने घाम पुसला आणि उतरायला पाय खाली टाकला.

मुकुयने शिडी घट्ट धरली.

“हे पाहुण्यांपुरतं झालं, कारभारी. आता गाल खरवडा. आमची पोरं जेवायची आहेत.”