कमानीवरच्या भोंग्याची माफी

"दहा मिनिटांत सगळं पुसून टाकतो, मावशी," यंत्रांच्या चुका निस्तरणाऱ्या न्यायमंडळाचे देशमाने म्हणाले. "इंग्रजांच्या काळापासूनची पोलीस-दप्तरं कमानीवरच्या या चोर ओळखणाऱ्या यंत्राला शिकवली होती. त्यात तुमची सगळी जमातच गुन्हेगार. आता ते कोरं होईल."

सुरमी काळे जागची हलली नाही. तिची लेक झेलम आठवडी बाजाराच्या कमानीखालून गेली की यंत्राचा भोंगा 'चोर, चोर' बोंबलायचा आणि बायका पिशव्या छातीशी कवटाळायच्या. पारध्याच्या घरची, एवढाच तिचा गुन्हा. पोरीनं बाजारात जाणंच सोडलं होतं.

"कोरं झालं की म्हणंल, मी कुठं काय केलं? आमच्या पंचायतीत असं चालत नाही, साहेब. ज्यानं चारचौघांत चोर म्हटलं, त्यानं चारचौघांतच शब्द माघारी घ्यायचा. तेवढ्याच आवाजात."

"अहो, यंत्राला कसली लाज?"

"त्याला नसंल. पिशव्या धरणाऱ्यांना हाय की."

देशमान्यांनी बराच वाद घातला, पण सुरमीपुढं त्यांचं काही चाललं नाही.

पुढच्या आठवड्याच्या भर बाजारात झेलम कमानीखाली आली. तिची नजर जमिनीवर होती. आई मागून म्हणाली, "मान वर कर."

भोंगा कडाडला, "झेलम काळे, मी तुम्हाला चोर ठरवलं. ते खोटं होतं. मला माफ करा."

काही हात पिशव्यांवरून खाली आले, काही तसेच राहिले.

"ऐकलं गं बाई, हो आता पुढं!" एक कांदेवाला ओरडला.

झेलमनं पिशव्यांवर राहिलेल्या त्या हातांकडं पाहिलं आणि ती कमानीखालीच पाय रोवून उभी राहिली.

"पुन्हा सांग," ती भोंग्याला म्हणाली.